पोराला पहिला घोट पाजणारा बहुतेक वेळा घरचाच असतो

शाळकरी पोरांच्या दारूचा विषय निघाला की आपण लगेच संगतीवर घसरतो. वाईट मित्र, मोबाईल, कॉलेजचं वारं. मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका मंडळात बरीच वर्षं पोरांना लेझीम शिकवतोय. पोरं माझ्याशी मोकळी बोलतात, त्यावरून सांगतो, पहिला घोट बहुतेकांना कुणीतरी मोठ्यानंच दिलेला असतो. हळदीच्या रात्री चुलतभाऊ देतो. वरातीत गाडीच्या डिकीपाशी मामा देतो. "घे की बे, मोठा झालास आता," म्हणतो, आणि आजूबाजूचे हसतात. त्याच्याही आधी कितीतरी वेळा त्याच पोराला "जा, सोडा अन् चकणा घेऊन ये" म्हणून पिटाळलेलं असतं. मोठ्यांच्या बैठकीची सरबराई करता करताच दारू त्याच्या ओळखीची होते.

हा लाड गुन्हा आहे. बालन्याय अधिनियम २०१५, कलम ७७. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मग देणारा सख्खा मामा का असेना. आपल्या राज्यात बिअरसाठीसुद्धा वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५.

"घरी आपल्यासमोर थोडी घेतली तर बाहेर जाणार नाही," असं म्हणणारे शिकलेले बापही मला भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. सबुरी आणि विचार सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांमध्ये पुढं व्यसन जडण्याचं प्रमाण, विशी गाठल्यावर सुरुवात केलेल्यांच्या जवळपास चौपट असल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत १९९७ सालीच दिसलं होतं. सुरुवात जितकी लांबेल तितकं पोर वाचतं.

आपल्याकडं हातभट्टीची भर आहेच. पोराच्या खिशाला परवडते ती तीच, आणि तिच्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीव जातो. तेजस्वी सातपुते मॅडम सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना २०२१ मध्ये मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू झालं. भट्ट्या तर मोडल्याच, पण त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा म्हणूनही पोलीस धडपडले. मला ते काम फार मोलाचं वाटतं. पण भट्टी बंद पडली म्हणून पोराची मोकळी संध्याकाळ भरत नाही.

आणि खरी गोष्ट त्या संध्याकाळचीच आहे. आई दिवसभर विड्या वळून थकलेली, बाप यंत्रमागावर रात्रपाळीला, घर दोन खोल्यांचं. पोरगा सहा ते दहा चौकातच असणार. तिथं त्याला जे कोणी बोलावून घेईल, त्याचा तो होतो.

आईसलँड नावाच्या छोट्या देशात १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के पोरं महिन्याभरात कधी ना कधी दारूनं झिंगलेली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. आईबापांनी एकत्र बसून आपसात नियम ठरवले. रात्री उशिरा पोरांनी बाहेर राहायचं नाही, हे पक्कं झालं. खेळाला, संगीताला पैसे दिले, आणि पोरांचं काय चाललंय ते दरवर्षी पोरांनाच विचारलं.

आपल्याकडं लेझीम आहे की! गणपतीच्या आधी कितीतरी दिवस चौकाचौकांत सराव चालतो. त्या दिवसांत पोरं घामानं निथळत घरी जातात आणि जेवून झोपतात. विसर्जन झालं की लेझीम खोलीत, पोरं परत कट्ट्यावर. सोलापुरातल्या मंडळांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आठवड्यातून तीन दिवस तरी सराव वर्षभर ठेवा. लेझीम, कबड्डी, अभ्यासिका, जे जमेल ते. मुलींसाठीही ठेवा. आणि पिऊन आलेला माणूस मिरवणुकीत उभा राहता कामा नये, पदाधिकारी असला तरी. आमच्याकडं यावरून भांडणं झाली, काहींनी वर्गणी बंद केली. तरी नियम मोडला नाही, म्हणून आज आया स्वतःहून पोरांना आणून सोडतात.

पोरगा पिऊन घरी आलाच तर त्या रात्री मारू नका, उपदेशही करू नका. उलट्या होत असतील तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, किंवा नीट दिसत नाही म्हणत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. वारंवार होत असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. सकाळी तो शुद्धीवर आला की शेजारी बसून शांतपणे विचारा, कुणी दिली? नाव कदाचित तुमच्याच भावाचं किंवा मेहुण्याचं निघेल. नातं सांभाळायचं म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी जा आणि त्याला तोंडावर सांगा.