कार्ड बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, आल्यापासून कंट्रोल पॅनेलच्या मेकॅनिकला फक्त त्यातलं कार्ड (सर्किट बोर्ड) बदलायचं काम उरलंय, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटलं नाही. आयटीआयचा २ वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड करून मी भोसरीत मेंटेनन्सला लागलो, आजही तेच काम करतो.

पीएलसीला तारेवरून येतं तेवढंच कळतं. ते खरं की खोटं, हे माणसालाच शोधावं लागतं. प्रेशर, लेव्हल यांचे सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये येतात. सुरुवात शून्यापासून नाही, कारण तार तुटली तर करंट शून्य होतो आणि लगेच कळतं. पण तार शाबूत असून सिग्नल बिघडला तर? आमच्याकडे एकदा प्रेशरचं रीडिंग उड्या मारत होतं. प्रेशर मोजून सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर बदलला, कार्ड बदललं, फरक शून्य. तिसऱ्या रात्रपाळीत लक्षात आलं, शेजारचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) चालू असतानाच हे होतंय. सिग्नलची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली होती, त्यामुळे मोटरच्या केबलचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरत होता. तो अडवणारी केबलभोवतीची धातूची जाळी, म्हणजे शील्डही दोन्ही टोकांना अर्थ केलेली. केबल वेगळी ओढली, शील्ड फक्त पॅनेलकडे अर्थ केली. रीडिंग स्थिर.

नवी मुलं लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत) पटकन शिकतात, त्याचं कौतुकच आहे. पण सिग्नलचा लूप, म्हणजे सर्किट, उघडून मीटर सिरीजमध्ये लावताना त्यांचा हात थरथरतो, कारण शेजारी उभं राहून शिकवणारे जुने लोक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा कंत्राटी झाल्या.

लेखात इंटरलॉकचा, म्हणजे धोका असताना मशीन चालू होऊ न देणाऱ्या सुरक्षा-सर्किटचा, उल्लेखही नाही. ते टाळायला घाईत मारलेला जम्पर (जोडतार) काढायचा राहिला की दुसऱ्या पाळीतल्या माणसाचा हात जातो. त्यावर कृपया सविस्तर लिहा.