कॅन्सरच्या ट्रायलमध्ये खरंच ‘अर्ध्यांना साखरेच्या गोळ्या’ देतात का?

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलांत गरिबांवर न सांगता प्रयोग होतात, ट्रायलमधल्या अर्ध्या रुग्णांना औषधाऐवजी साखरेच्या गोळ्या देतात, हे सगळं परदेशी कंपन्यांसाठी चालतं, माणूस दगावला तर कुणी विचारत नाही, खरं औषध हळद, लिंबू आणि जर्दाळूच्या बियांत आहे, पण ते दाबून ठेवलंय. शेवटी सल्ला: ट्रायलला सही करू नका, डॉक्टरांकडे सरळ नवीन औषध मागा.

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे ट्रायलचा आराखडा रुग्णाच्या बाजूने तपासून मंजुरी देणाऱ्या समितीत, सामान्य नागरिक म्हणून बसतो. नियमाप्रमाणे अशा कमिटीत निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक वैद्यकाशी संबंध नसलेला माणूस लागतो. तो मी. संमतीपत्र अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि डॉक्टरांना बाळबोध वाटतील असे प्रश्न विचारायचे, हे माझं काम. त्यामुळे मेसेजमधलं काय निखालस खोटं आहे हे सांगता येईल, आणि कुठे त्यात तथ्य आहे हेही.

“न सांगता प्रयोग करतात”

असं घडलेलं आहे, ते आधी सांगून टाकतो. १९९९-२००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक रसायन वापरून पाहिलं गेलं. ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका संशोधिकेचं होतं. २००१ मध्ये बोभाटा झाला, तेव्हा हॉपकिन्सनेच सांगितलं की आमच्या समितीची परवानगी या अभ्यासाला नव्हती. पुढे २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प आंध्र आणि गुजरातेत झाला. त्यातल्या काही मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण आंध्रात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या ठोकल्याचं उघड झालं आणि २०१३ साली संसदीय समितीने सगळ्यांना फैलावर घेतलं.

नियम कडक झाले ते अशा प्रकरणांमुळे आणि सुप्रीम कोर्टातल्या याचिकेमुळे. आज २०१९ चे ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू आहेत. रुग्णाला कळेल अशा भाषेत संमतीपत्र, त्याची एक प्रत त्याच्या हातात, लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार. अगदी नवा रेणू, म्हणजे आधी कधी न वापरलेलं औषध, असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल, तर संमती देतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग.

कमिटीत बसून मला जी अडचण दिसते ती मात्र मेसेजवाल्याच्या कल्पनेच्या नेमकी उलट आहे. मुलगा येतो आणि म्हणतो, “साहेब, मीच करतो सही. बाबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही, गाठ आहे एवढंच सांगितलंय.” इथे उत्तर ठाम ‘नाही’ असतं. माणूस शुद्धीत असेल, त्याला समजत असेल, तर सही त्याचीच. म्हणजे वडिलांच्या फाइलवर ‘कॅन्सर’ हा शब्द घरच्यांनी चिकटपट्टी लावून झाकलेला असतो, आणि ट्रायलच्या कागदावर तो पहिल्याच ओळीत येतो. कित्येक घरं या एका कारणाने ट्रायलला नाही म्हणतात. आजार रुग्णापासून लपवण्याची रीत आपल्या घरांत आहे, आणि निदान ट्रायलच्या दारात ती चालत नाही.

“अर्ध्यांना साखरेच्या गोळ्या देतात”

मेसेज खपतो तो या वाक्यामुळे, म्हणून इथे जरा थांबू.

कॅन्सरच्या उपचाराची तुलना करताना एका गटाला नवीन उपचार आणि दुसऱ्याला आज जो सर्वोत्तम ठरलेला उपचार आहे तो, अशी विभागणी असते. किंवा दोघांनाही नेहमीचा उपचार, आणि एका गटाला वर नवीन औषधाची जोड. केमो लागणाऱ्या माणसाला केमोऐवजी नुसती साखरेची गोळी, असा आराखडा कमिटीसमोर आला तर तो पहिल्या पाच मिनिटांत परत जाईल. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, येतो तो बहुधा जोडीला, किंवा जिथे दुसरा ठरलेला उपचारच नाही तिथे.

उलटीचं उदाहरण घ्या. ज्यांच्या घरात केमो झालीय त्यांना माहीत आहे, की लोक केमोला भितात ते केस जाण्यापेक्षा मळमळीने. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजारावरचं जुनं, स्वस्त औषध. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये ३८० रुग्ण होते. उलटीवरची तेव्हाची ठरलेली तिन्ही औषधं सगळ्यांना मिळाली. त्यावर अर्ध्यांना १० मिलिग्रॅम ओलान्झापिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. पहिल्या २४ तासांत मळमळ अजिबात झाली नाही असे लोक पहिल्या गटात ७४ टक्के निघाले, दुसऱ्यात ४५. दुसऱ्या गटातल्या कुणाचाही नेहमीचा उपचार हिरावला गेला नव्हता, केमोही नाही आणि उलटीची औषधंही नाहीत.

गोष्ट इथे संपली नाही. १० मिलिग्रॅमने माणूस दिवसभर पेंगतो. पंख्याखाली पडून राहायचं, जेवायलाही उठायचं नाही, अशी गत. मग परळच्या टाटा मेमोरियलने विचारलं, पाव डोस दिला तर? २.५ विरुद्ध १० मिलिग्रॅम अशी ट्रायल केली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. उलटी आटोक्यात ठेवायला पाव डोस तितकाच पुरला आणि पेंग बरीच कमी झाली. पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी रुग्णालयात हीच २.५ मिलिग्रॅमची गोळी भूक मेलेल्या रुग्णांना रोज एक अशी १२ आठवडे दिली. पोटाचे, फुप्फुसाचे, यकृत-पित्ताशयाचे पुढच्या टप्प्यातले कॅन्सर, जिथे माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. तुलनेला प्लासिबो होता. केमो आणि आहाराचा सल्ला दोघांनाही. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले औषधाच्या गटात ६० टक्के, प्लासिबोच्या गटात ९. आता हा निकाल प्लासिबोशिवाय कसा काढणार होतात? भूक ही सांगण्यावर असलेली गोष्ट आहे. गोळी मिळाली या समाधानानेही दोन घास जास्त जातात.

मात्र तुलनेच्या गटावर अन्याय होतच नाही, असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. व्हिनेगर लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासायचं, तेही प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी. या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फार मोठं काम. पण तुलनेतल्या निम्म्या स्त्रियांना इतकी वर्षं फक्त आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी नाही. त्यावर परदेशातून कडक टीका झाली. त्या वस्त्यांत एरवीही कुठे तपासणी होत होती, असं संशोधकांच्या बाजूने म्हटलं गेलं. मला ते उत्तर पटत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे प्रकरण काढलं असतं तर त्याच्याशी वाद घालायला मजा आली असती. त्याने काढल्या साखरेच्या गोळ्या.

“सगळं परदेशी कंपन्यांसाठी”

कंपन्यांच्या ट्रायल होतात आणि त्यांतून आलेली काही औषधं इथल्या माणसाला परवडत नाहीत. हे दुखणं खरं आहे. पण ‘सगळं’ म्हणताना परळमध्ये काय चाललंय ते बघायला हवं होतं.

स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना भूल देतात त्यातलंच औषध, खर्च शंभर रुपयांच्या आत. टाटाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांवर हे पारखलं गेलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. कोणती कंपनी यात पैसा घालेल? पेटंट नाही, नफा नाही.

तोंडाचा कॅन्सर तर आपल्या तंबाखू-गुटख्याचाच आजार. सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात की नंतर वाढल्या तर काढाव्यात, यावर जगभरच्या सर्जनांचं अनेक वर्षं एकमत नव्हतं. टाटातल्या ट्रायलने ते २०१५ मध्ये मिटवलं: आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिली तर ६७.५. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ट्रायल चालू असताना आकडे बघणारी वेगळी समिती असते. पहिल्या ५०० रुग्णांचा फरक दिसल्यावर तिने नवीन भरती थांबवायला सांगितलं. वाट पाहण्याच्या गटात आणखी माणसं घालायची नाहीत म्हणून.

आणि निव्होलुमॅब. पुढे गेलेल्या कॅन्सरवरचं हे इम्युनोथेरपीचं औषध पूर्ण डोसमध्ये घ्यायचं तर घर विकावं लागतं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटाने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने १६ टक्के हयात होते, या जोडीने ४३ टक्के. ज्या कंपनीचं औषध ती ‘माझं औषध बाराव्या हिश्शाने वापरा’ असं कधी सुचवेल का? हा प्रश्न इथल्याच डॉक्टरांना पडू शकतो, कारण समोर बसलेल्या माणसाच्या खिशात काय आहे ते त्यांना दिसतं.

आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून घडवलेली कार-टी थेरपीही (रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या, असा उपचार) याच वाटेने आली. टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार त्यामुळे लाखांत आला. लाखही कमी नव्हेत, ते आहेच.

“मेला तरी कुणी विचारत नाही”

नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये मृत्यू झाला की चोवीस तासांत औषध नियंत्रकाला, प्रायोजकाला (ट्रायल करवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) आणि एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. इजा झाली तर उपचार फुकट. मृत्यू किंवा इजा ट्रायलमुळे ठरली तर भरपाई प्रायोजकाने द्यायची, आणि प्लासिबोच्या ट्रायलमध्ये उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न दिल्यामुळे झालेलं नुकसानही त्यात धरलेलं आहे.

तक्रार करायची तर त्या भरपाईच्या सूत्राबद्दल करा. आठ लाख ही पायाभूत रक्कम. तिला वयाचा आणि आजाराच्या धोक्याचा गुणांक लावतात. निरोगी स्वयंसेवकाला धोक्याचा गुणांक चार, आणि सहा महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित नाही अशा रुग्णाला अर्धा. म्हणजे पासष्टीच्या निरोगी माणसाला ३२ लाख आणि त्याच वयाच्या शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णाला चार. गणित म्हणून ते समजतं, पण त्या रुग्णाच्या मुलांना ते समजावून सांगायची वेळ माझ्यावर न येवो.

“खरं औषध दाबून ठेवलंय”

जर्दाळूच्या बियांपासून काढलेलं लेट्राइल दाबलं नाही, उलट तपासलं. अमेरिकेत १७८ रुग्णांना देऊन १९८२ मध्ये निकाल छापला: कॅन्सर बरा झाला नाही, काहींच्या रक्तात मात्र सायनाइडचं प्रमाण धोकादायक झालं. ‘व्हिटॅमिन बी-१७’ म्हणून जे विकतात ते हेच.

वनस्पतींशी वैर असतं तर अंगणातल्या सदाफुलीतून आलेलं व्हिंक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आज जगभर दिलं गेलं नसतं. सह्याद्रीतल्या नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून आतड्याच्या कॅन्सरवरचं आयरिनोटेकॅन बनतं. सिंधुदुर्गातल्या जंगलांत त्याची चोरटी तोड चालते ती काही पूजेसाठी नव्हे. आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक! चिनी वैद्यांच्या जुन्या औषधांतून उचललेला हा विषारी पदार्थ रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या भावंडासोबत दिला, तर केमोच्या जोडीपेक्षा निदान कमी नाही, बहुधा सरसच ठरतो, हे २०१३ मध्ये ट्रायलनेच दाखवलं. हळदीवरही ट्रायल झाल्या आहेत. तिची मुख्य अडचण अशी की पोटातून रक्तात ती फारच थोडी उतरते.

“ट्रायल नको, सरळ नवीन औषध मागा”

यावर अमेरिकेने फार मोठी किंमत मोजली आहे. १९९० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरवर प्रचंड डोसची केमो आणि मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा उपचार नवा होता. जितकी जास्त केमो तितका चांगला परिणाम, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. स्त्रियांनी तो मागितला, विमा कंपन्यांनी नाकारला, कोर्टाने कंपन्यांना दंड ठोकले. हजारो जणींनी तो ट्रायलबाहेर घेतला. ट्रायलमध्ये कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं; बाहेर सहज मिळतोय म्हटल्यावर तिथे कोण येणार? म्हणून ट्रायल वर्षानुवर्षं रेंगाळल्या. १९९९ मध्ये निकाल आले तेव्हा बहुतेकांत काहीच फायदा नव्हता. ठळक फायदा दाखवणारा एक अभ्यास दक्षिण आफ्रिकेतला होता, आणि पुढच्याच वर्षी तिथे तपासणी झाल्यावर तो बनावट निघाला. त्या उपचाराने काही स्त्रिया कॅन्सरच्या आधीच गेल्या होत्या.

तुमच्या घरी ट्रायलचा कागद आला असेल तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, तो रुग्णाचा अधिकार. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. पहिल्या टप्प्याची ट्रायल असेल तर ती मुख्यतः डोस ठरवण्यासाठी असते, स्वतःला फायदा होण्याची शक्यता कमी, हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. ट्रायलचं औषध फुकट असतं, पण नेहमीच्या केमोचे आणि स्कॅनचे पैसे कोण देणार, नंदुरबारहून दर आठवड्याला यायचं तर भाडं कोण देणार, आणि औषध लागू पडलं तर ट्रायल संपल्यावर ते मिळणार का, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा गुळमुळीत उत्तर येतं. तेव्हा लेखी मागा. आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक घ्या. जून २००९ पासून भारतातल्या प्रत्येक ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे. मोबाइलवर क्रमांक टाकला की ट्रायल कोण करतंय, पैसा कुणाचा, तुलनेच्या गटाला काय देणार, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की नाही, सगळं फुकट दिसतं. क्रमांक देता येत नसेल तर सही करू नका.