वाळवंट निर्मनुष्य, पण वाटेत माणसं आहेत

‘जिथे चिटपाखरू नाही तिथे तंबू ठोकणाऱ्यांना घरात कोंडून काय साधलं?’ हे कोरोनाच्या टाळेबंदीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मार्च २०२०च्या शेवटी आम्ही दोन गाड्या घेऊन कॅलिफोर्नियातल्या वाळवंटातून जाणारा मोहावी रोड करणार होतो. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास कच्चा रस्ता, दोन मुक्काम. १९ मार्चला घरीच राहण्याचा आदेश निघाला आणि पाण्याचे कॅन गॅरेजातच पडून राहिले. चिडलो होतो, खोटं कशाला बोलू! मे उजाडला की तिथलं ऊन सोसवत नाही, म्हणजे अख्खा मोसमच गेला.

पण आदल्या वर्षी वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा जरा जास्तच उतरवली (माझाच शहाणपणा) आणि टायर रिमवरून निसटला. तेव्हा नीडल्सहून टो ट्रकवाला आला, त्याच्याच केबिनमध्ये खेटून बसून आम्ही गावात पोचलो. जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव ते. २०२०मध्ये असं झालं असतं तर मास्कसुद्धा मिळत नसताना त्याला बोलावलं असतं का मी? बोलावलंच असतं. दुसरा इलाज काय होता?