गळ्यातला पट्टा

आपल्या देशात पत्रकार व्हायला परवाना लागत नाही, ही केवढी गैरसोय! इंदूरला राजवाड्यासमोर हातगाडी लावायची तर नगर निगमचा कागद हवा, स्कूटर चालवायची तर लायसन हवं. लिहायला मात्र राज्यघटनेचं १९ वं कलम पुरतं, आणि तेही सगळ्यांना सारखंच. मग चार माणसांत तुमचं वेगळेपण कसं कळणार? रामबागेत मुलगी बघायला गेलात, की मुलीचे काका पोह्यांवर शेव घालता घालता विचारणारच, "पत्रकार आहात ते ठीक. पण अधिमान्य आहात का?" तिथे घटना कामाला येत नाही.

तेव्हा आधी सरकारी मान्यतेच्या कार्डाचं बघा. पुण्याचा आतेभाऊ त्याला 'अधिस्वीकृती' म्हणतो, म्हणू द्या. आपल्या इंदुरी मराठीत ती अधिमान्यताच. राज्याच्या जनसंपर्क विभागाने तिच्या पायऱ्याही पाडून ठेवल्या आहेत: तहसील, जिल्हा, राज्य. तहसीलवाल्याने राज्यवाल्यासमोर खुर्चीवर जरा पुढे सरकून बसावं, असा काही नियम नाही. पण बसतात.

त्याच्याही वर दिल्लीचं, केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी. त्यांचे नियम २०२२ सालचे आहेत आणि ते मन लावून वाचण्यासारखे आहेत. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला ५ वर्षांचा अनुभव पुरतो, मुक्त पत्रकाराला १५ वर्षांचा लागतो. बरोबरच आहे. ज्याच्या डोक्यावर मालक नाही, तो काय लिहील याचा भरवसा काय? शिवाय सुरक्षा पडताळणी होते. तिला घाबरू नका. चौकशीला आलेल्या माणसाला चहा पाजा, चिवडा द्या. ज्या ठाण्याबद्दल लिहायचं मनात होतं ते तेवढ्यात विसरून जाल.

कार्ड हाती आलं, की एक धक्का बसेल. या मान्यतेने कोणताही विशेष दर्जा मिळत नाही, असं तेच नियम सांगतात. व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर किंवा सोशल मीडियावर 'भारत सरकार मान्यताप्राप्त' असं मिरवायलाही बंदी आहे. रेल्वेची निम्म्या भाड्याची सवलत होती, तीही २०२० पासून बंद. म्हणजे तिकीट तपासनिसालासुद्धा कळायची सोय राहिली नाही! खचू नका. पट्टा शर्टाच्या बाहेर ठेवायला अजून कोणी मनाई केलेली नाही. (गाडीच्या काचेवर 'प्रेस' लिहून भागेल असं समजू नका. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या गाड्यावरही तेच लिहिलंय, आणि तो रोज काहीतरी काम करतो.)

आता कार्ड टिकवायचं कसं? सार्वभौमत्व, सुरक्षा, परदेशांशी मैत्री, सुव्यवस्था, शालीनता, नीतिमत्ता, यांतल्या कशालाही धक्का लागला, किंवा न्यायालयाचा अवमान, कोणाची बदनामी झाली, की मान्यता जाऊ शकते. गंभीर दखलपात्र गुन्ह्याचा नुसता आरोप ठेवला गेला तरी पुरे. सिद्ध-बिद्ध व्हायची वाट बघावी लागत नाही. म्हणून वाळू, जमिनी, खाणी असे धुळीचे विषय लांब ठेवा. दम्याचा त्रास होतो म्हणावं. स्वच्छतेत शहर पहिलं आलं, ही बातमी आपल्याकडे २०१७ पासून तयारच आहे. दरवर्षी फक्त आकडा बदलायचा. रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक आहे, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आहे. कीस कितीही पाडला तरी कोणाची बदनामी होत नाही.

राहुल बारपुते आपलेच, मराठी घरातले. 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाचं संपादकपद सांभाळून त्यांनी हिंदीत नाव काढलं. जुनी मंडळी त्यांच्याबद्दल तासन्‌तास बोलतात, पण त्यांच्या कार्डाचा विषय एकदाही निघत नाही. किती गाफील पिढी ती!

एक मात्र जपा. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी असते. तुम्ही अधिमान्य, तेव्हा थेट आत जा. पंखा आहे, खुर्ची आहे, प्रेसनोट आयती मिळते. बाहेर व्हरांड्यात अर्ज घेतलेली रांग असते, तिकडे फिरकू नका. बिनकार्डाची दोन-तीन पोरं तिथे उभी राहून लोकांशी बोलत असतात, त्यांना दुसरं काम नाही. जाता जाता एखादी म्हातारी तुमचा पट्टा बघून हात धरेल, चार घड्यांचा कागद पुढे करेल आणि म्हणेल, "भिया, तुम अखबारवाले हो ना?"

हात हळूच सोडवून घ्या. आत चहा आलेला असतो.