पॅसेजमध्ये २४ इंची झुंबर?

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज न चुकता फिरतो. "हॉलची लांबी-रुंदी फुटांत मोजा, बेरीज करा, येईल तेवढ्या इंच व्यासाचं झुंबर घ्या. छताच्या दर फुटामागे झुंबराची उंची तीन इंच धरा. फॉल्स सीलिंगला बिनधास्त लावा. झुंबर मोठं तेवढा उजेड जास्त." मी वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे हा हिशेब करून आणलेली झुंबरं टांगायला शेवटी मलाच बोलावतात.

आधी बेरीज. १२ बाय १२ च्या खोलीला २४ इंच, ठीक. आता ४ फूट रुंद आणि २० फूट लांब पॅसेज घ्या. बेरीज तीच, २४! म्हणजे ४८ इंचांच्या बोळात निम्मी रुंदी झुंबरानंच अडवली. आपल्या फ्लॅटांत हॉल आणि डायनिंग एकाच लांबट पट्ट्यात असतात. १० बाय २२ म्हटलं की ३२ इंच येतात. मोजायचा असतो तो फक्त बसायचा भाग. तो १० बाय १२ असेल तर २२ इंच पुरे. जवळपास चौरस खोलीत अंदाजाला हे सूत्र चालतं, पुढे नाही.

खरा घोळ उंचीत आहे. स्लॅबखाली साडेनऊ फूट धरा. फॉल्स सीलिंगनं सहा इंच खाल्ले, उरले ९ फूट. मेसेजप्रमाणे झुंबर २७ इंच उंच. १०८ मधून २७ गेले, राहिले ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. यात साखळी धरलेलीच नाही. ती सहा इंच सोडली की खालचं टोक सव्वासहा फुटांवर. साडेपाच फुटी माणसानं टी-शर्ट काढायला हात वर केले की बोटं थेट लोलकांत. म्हणून उलटं मोजा: खाली ७ फूट मोकळे सोडायचे, उरेल ती उंची साखळीसकट झुंबराची. इथे ती २४ इंच.

जेवणाच्या टेबलाची गोष्ट वेगळी, कारण खालून कुणी ये-जा करत नाही. तिथे झुंबराचं खालचं टोक टेबलाच्या वर ३० ते ३६ इंच, आणि व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोन तृतीयांश. अट एकच, टेबल जागचं हलता कामा नये. आमच्याकडे चार पाहुणे जास्त आले की टेबल भिंतीला जातं, पंगत खाली बसते आणि झुंबर वाढणाऱ्याच्या कपाळावर येतं.

पंख्याचं तर मेसेजमध्ये नावच नाही. मधल्या हुकावर ४८ इंची पंखा, शेजारी २४ इंची झुंबर: दोघांच्या मध्यबिंदूंत ३६ इंच अंतर ठेवलं तर ते एकमेकांना नुसते टेकतात. आणि दिवे पात्यांच्या वर राहिले की भिंतीवर रात्रभर सावल्या पळतात.

"फॉल्स सीलिंगला बिनधास्त लावा" हे मात्र धोक्याचं आहे. फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड वजन पेलायला नसतोच. काचेचं झुंबर पंख्याच्या तिप्पट-चौपट भरू शकतं. आधार स्लॅबमध्येच घ्यायचा, तोही सीलिंग बंद होण्याआधी. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालात प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. ती टांगण्याआधी छत पेलतं का हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, क्रम बरोबर आहे.

उजेडाचं थोडक्यात: तो बल्बच्या ल्युमेनवर, म्हणजे उजेडाच्या मापावर ठरतो, झुंबराच्या व्यासावर नाही. मेणबत्तीसारखे ४ वॉटचे सहा एलईडी मिळून जेवढा उजेड देतात, जवळपास तेवढा ९ वॉटचे तीन साधे एलईडी बल्ब देतात.

दुकानात जाण्याआधी मी गिऱ्हाइकाला फ्रिजच्या खोक्यातून झुंबराएवढा गोल कापायला लावतो आणि झुंबराचं टोक जिथवर येणार तिथे दोरीनं टांगतो. गेल्या महिन्यात एका घरी २६ इंचांचा टांगला होता. तिसऱ्या दिवशी गेलो तर आजींनी कात्रीनं चारी बाजूंनी दोन-दोन इंच कापून ठेवले होते.