देवगिरीचे ताल आणि एक फिरता संदेश

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड या भागांतील संगीतशिक्षकांच्या आणि विशारदची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य प्रयोगशील रचनाकारांच्या मुलाखती वाचण्या-ऐकण्यात विद्यार्थ्यांनी वेळ घालवू नये, असा त्याचा एकंदर सूर आहे. त्यातील विधाने थोडक्यात अशी. ज्याला वाजवता येत नव्हते असा एक माणूस पियानोपुढे साडेचार मिनिटे गप्प बसला आणि लोकांचे पैसे घेऊन गेला. या मंडळींनी कधी तालीम घेतली नाही, म्हणून त्यांनी गोंगाटालाच संगीत म्हटले. रचनेत दम नसल्यामुळे ते मुलाखतींतून मोठमोठे शब्द वापरून वेळ मारून नेत. आणि आपल्या संगीताशी त्यांचा काही संबंध नाही, भारताचे नाव ते केवळ फॅशन म्हणून घेत. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत ज्यांच्याविषयी मला आदर आहे असे जाणकारही आहेत, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिले विधान तथ्यांवरच टिकत नाही. ‘४ मिनिटे ३३ सेकंद’ ही ती रचना अमेरिकन रचनाकार जॉन केज यांची, पण तिच्या पहिल्या सादरीकरणात पियानोपाशी बसले होते डेव्हिड ट्यूडर, आणि ते त्या काळातील अमेरिकेचे अत्यंत तयारीचे पियानोवादक होते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे मॅव्हरिक सभागृहात हा कार्यक्रम झाला. त्याच कार्यक्रमात ट्यूडर यांनी फ्रेंच रचनाकार पिएर बुलेझ यांचा पहिला पियानो सोनाटा वाजवला, जो आजही कसलेल्या वादकाची परीक्षा पाहतो. कार्यक्रमाचे उत्पन्न कलावंतांच्या साहाय्यनिधीसाठी होते, त्यामुळे पैसे घेऊन जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रचनेचे तीन भाग होते, ३३ सेकंदांचा, २ मिनिटे ४० सेकंदांचा आणि १ मिनिट २० सेकंदांचा; प्रत्येक भाग सुरू होताना ट्यूडर पियानोचे झाकण बंद करीत, घड्याळाकडे लक्ष ठेवीत आणि भाग संपला की झाकण उघडीत. सभागृह मागच्या बाजूने झाडीकडे उघडे होते. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडू लागले आणि तिसऱ्यात लोक आपसात बोलू लागले, उठून जाऊ लागले, असे केज यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे.

ही कल्पना त्यांना एका रात्रीत सुचलेली नव्हती. १९४८ च्या एका व्याख्यानात त्यांनी अशा निःशब्द रचनेचा विचार बोलून दाखवला होता. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील ध्वनिरोधक खोलीत गेले असता, जिथे काहीच ऐकू यायला नको तिथेही त्यांना एक उंच आणि एक खालचा असे दोन आवाज ऐकू आले. उंच आवाज मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असे त्यांना सांगण्यात आले. या स्पष्टीकरणातील पहिल्या भागाविषयी शंका घेता येईल, परंतु माणूस जिवंत आहे तोवर त्याला पूर्ण शांतता मिळत नाही हा केज यांचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. ही रचना न आवडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तिला फसवणूक म्हणायचे तर कोणी कोणाला काय सांगून फसवले, हे दाखवावे लागेल, आणि ते संदेशात कुठेही दाखवलेले नाही.

तालमीविषयीच्या दुसऱ्या विधानात सत्याचा एक अंश आहे, आणि गंमत म्हणजे तो स्वतः केज यांच्याच मुलाखतींतून आलेला आहे. रचनाकार हेन्री काउएल यांच्याकडे शिकून झाल्यावर १९३० च्या दशकात केज लॉस एंजेलिस येथे ऑस्ट्रियन रचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग यांच्याकडे शिकत होते. तुम्हाला हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाची, जाण नाही, त्यामुळे पुढे एक भिंत आडवी येईल आणि ती तुम्हाला ओलांडता येणार नाही, असे गुरूंनी बजावले. तेव्हा आपण उरलेले आयुष्य त्या भिंतीवर डोके आपटण्यात घालवू, असे केज यांनी उत्तर दिले. आपली उणीव इतक्या उघडपणे सांगणाऱ्या माणसावर लपवाछपवीचा आरोप करणे न्याय्य नाही. त्या उणिवेतून त्यांनी काय केले, तेही पाहावे. १९४६ ते १९४८ या काळात त्यांनी ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ हा वीस छोट्या रचनांचा संच लिहिला. त्यासाठी पियानोच्या ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक बसवावे लागते, आणि कोणत्या स्वरासाठी कोणती वस्तू, कोणत्या दोन तारांमध्ये, किती अंतरावर बसवायची याचा तक्ताच रचनेला जोडलेला आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावणाऱ्या किंवा पखवाजाच्या धाम्याला कणीक लावून त्याचा आवाज खाली आणणाऱ्या माणसाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. वाद्याला बाहेरची वस्तू लावून त्याचा नाद बदलणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे.

इतरांच्या बाबतीत तर तालमीचा आरोप अगदीच लंगडा पडतो. अमेरिकन रचनाकार कॉनलन नॅनकॅरो यांचे शिक्षण बॉस्टनमध्ये झाले होते. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आल्यानंतर ते मेक्सिकोत स्थायिक झाले, आणि कोणत्याही वादकाच्या बोटांना न पेलणाऱ्या लयी त्यांनी यांत्रिक पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर हाताने एकेक भोक पाडून उतरवल्या. काही मिनिटांच्या रचनेसाठी त्यांना महिनोन्महिने लागत. ग्रीक रचनाकार यानिस झेनाकिस हे इंजिनिअर होते आणि वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम करीत होते. तुम्ही वास्तुकलेत काम करता, तुम्हाला गणित येते, त्याचाच संगीतात उपयोग करा, असा सल्ला त्यांना फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी दिला. झेनाकिस यांच्या वाद्यवृंदाला ‘गोंगाट’ म्हणणाऱ्यांनी त्यांचे स्वतःचे निवेदन वाचावे. कठीण पृष्ठभागावर पडणाऱ्या गारा, उन्हाळ्यात शेतात चालणारा रातकिड्यांचा आवाज, अथेन्सच्या रस्त्यांवर लाखोंच्या मोर्चात पुढून मागे सरकत जाणारी घोषणा आणि गोळीबार होताच तिचा झालेला चुराडा, अशा ध्वनींचा ते उल्लेख करतात. हजारो सुटे आवाज मिळून एकच मोठा आकार घेतात, आणि तो आकार संभाव्यतेच्या गणिताने लिहिता येतो, हा त्यांचा मुद्दा होता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी मराठवाड्यात पत्र्याच्या छपराखाली बसून ऐकली, त्यांना सुटी टपटप आणि नंतरचा एकसंध गडगडाट यांतील फरक शिकवावा लागणार नाही. झेनाकिस त्याच फरकाविषयी बोलतात. ज्या तरुणाने १९४५ च्या जानेवारीत अथेन्समधील लढाईत तोफगोळ्याने एक डोळा गमावला, त्याने हे सारे मौजेखातर केले असे मानणे मला तरी जमत नाही.

मुलाखतींतून मोठमोठे शब्द वापरले जातात, हे तिसरे विधान ज्याने केले त्याने त्या मुलाखती बहुधा वाचलेल्याच नाहीत. त्यांत तत्त्वज्ञान असते, पण त्याहून कितीतरी अधिक असतो तो पोटापाण्याचा आणि कामाचा तपशील. अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास सांगतात की, १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्यांचा ऑपेरा होऊन गेल्यानंतरही ते टॅक्सी चालवत होते; नळजोडणीची कामेही त्यांनी केली होती, आणि एका नामांकित कलासमीक्षकाच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र बसवताना त्या समीक्षकानेच त्यांना ओळखले. अमेरिकन रचनाकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जमिनीखालच्या एका रिकाम्या जुन्या पाण्याच्या टाकीत उतरून ध्वनिमुद्रण केले. तिथे आवाज सुमारे ४५ सेकंद रेंगाळत असे, त्यामुळे आपण काढलेला स्वर आणि परत येणारा स्वर यांतील भेद मिटतो, टाकी हेच आणखी एक वाद्य होते आणि वादकाला तिचे ऐकूनच पुढचा स्वर लावावा लागतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात ज्याने एकदा तरी षड्ज लावून पाहिला आहे, त्याला हे वर्णन मोठ्या शब्दांचे वाटणार नाही.

मुलाखतींवर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असे मात्र मी म्हणत नाही. मेसियाँ जर्मनांच्या कैदेत असताना त्यांचे ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ (क्वार्टेट म्हणजे चार वादकांसाठीची रचना) १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत प्रथम वाजवले गेले. त्या वेळी पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियाँ नंतर सांगत. चेलो ज्यांनी वाजवला त्या एतिएन पास्किए यांनी मात्र आपल्या वाद्याला चारही तारा होत्या असे स्पष्ट सांगितले, आणि ज्या बराकीत कार्यक्रम झाला तिच्यात काही शेकड्यांपेक्षा अधिक माणसे मावणे शक्य नव्हते. म्हणजे एका मुलाखतीची शहानिशा दुसऱ्या मुलाखतीने झाली. येल विद्यापीठात व्हिव्हियन पर्लिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन रचनाकार चार्ल्स आइव्ह्ज यांच्याविषयी आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, तेव्हा त्या आइव्ह्ज यांच्या विमा व्यवसायातील भागीदाराकडे गेल्या, त्यांच्या न्हाव्याकडेही गेल्या. आपल्याकडे संबळ, हलगी, भारूड यांतील जुनी माणसे जाताना त्यांच्या बोलण्याचा एक शब्दही कुणी टिपून ठेवला नाही, असे मराठवाड्यातल्या किती गावांत झाले आहे, हे पाहिले की मुलाखतींना वेळेचा अपव्यय म्हणणारा संदेश आपल्याच भागात फिरावा याचे मला फार वाईट वाटते.

आता चौथे विधान. शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात लिहिला तो देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने. राजाच्या दरबारी ते हिशेबाच्या खात्याचे प्रमुख होते. त्या ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाध्याय, आणि त्यात १२० देशी ताल दिलेले आहेत. पॅरिसमध्ये शिकत असताना मेसियाँ यांच्या हाती लाविन्याक यांच्या संगीतकोशातील भारतावरील लेख पडला आणि त्यात शार्ङ्गदेवांच्या या १२० तालांचा तक्ता होता. क्लोद सॅम्युएल यांच्याशी झालेल्या आपल्या दीर्घ संवादांत, जे १९६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, ते या तालांविषयी आणि शार्ङ्गदेवांविषयी नाव घेऊन बोलतात.

हा केवळ नामोल्लेख नव्हे. वर आलेल्या क्वार्टेटच्या पहिल्याच भागात पियानो जी लय पुन्हा पुन्हा वाजवतो ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल एकापुढे एक ठेवून तयार केली आहे. तिच्यात १७ आघात आहेत. त्या लयीवर जे स्वरसमूह (एकाच वेळी वाजणारे स्वर) येतात त्यांची माळ मात्र २९ ची आहे. सतरावा आघात संपून लय पुन्हा पहिल्यावर येते तेव्हा स्वरसमूह अठराव्या जागी असतो, पुढच्या आवर्तनात दोघांचे नाते आणखी सरकते, आणि दोघे पुन्हा एकाच आरंभावर येण्यासाठी १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ आघात लागतात. तो भाग तीनेक मिनिटांत संपतो, त्यामुळे ती भेट ऐकायला मिळतच नाही. सम कुठे आहे याची वाट पाहत तिहाईचा हिशेब करणाऱ्या आपल्या तबलावादकांनी हे एकदा हातावर टाळी धरून करून पाहावे. १९४४ च्या स्वतःच्या संगीतभाषेविषयीच्या ग्रंथात तर मेसियाँ लयीच्या विवेचनाचा आरंभ रागवर्धन याच तालापासून करतात. मात्रेला जोडलेली छोटीशी वाढ, असमान प्रमाणात केलेली घट-वाढ आणि उलटी वाजवली तरी तशीच राहणारी लय, ही स्वतःच्या लयविचाराची तीन सूत्रे ते त्या एका तालातून काढून दाखवतात.

त्यांच्या या उपयोगावर टीका करायला जागा आहे, आणि ती करण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा अधिक आहे. मेसियाँ यांनी हे ताल कोशातल्या तक्त्यावरून उचलले. सशब्द आणि निःशब्द क्रिया (टाळी आणि हाताच्या आवाज न होणाऱ्या हालचाली), आवर्तन, गायकाशी चालणारा संवाद, ज्यांच्याशिवाय आपल्याकडे ताल उभा राहत नाही, त्यांतले काहीच त्यांच्याकडे आले नाही. आली ती मात्रांची लांबी तेवढी. ही उणीव गंभीर आहे. तिला फॅशन मात्र म्हणता येणार नाही, कारण त्या मात्रांवर त्यांनी जन्मभर काम केले.

टेरी रायली आणि ला माँट यंग यांच्याविषयी तर हा आक्षेप उच्चारूही नये. हिराबाई बडोदेकरांनी ज्यांच्याकडे तालीम घेतली त्या किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले. रायली आणि यंग हे दोघे तेव्हा नावारूपाला आलेले रचनाकार होते, तरीही ते त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले, आणि १९९६ मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत शिष्यच राहिले.

केज यांचे भारताशी असलेले नाते तर देवाणघेवाणीचे होते. १९४६ मध्ये भारतीय संगीतकार गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या त्या पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी. केज यांनी त्यांना काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वतंत्र सुरावटींची गुंफण) आणि समकालीन पाश्चात्त्य संगीत शिकवले, आणि मोबदला म्हणून त्यांच्याकडून भारतीय संगीताचे धडे घेतले. मन शांत आणि स्थिर करून ते दैवी प्रेरणेला ग्रहणशील करणे हे संगीताचे प्रयोजन, असे आपले गुरू सांगत, हे गीताबाईंनी त्यांना सांगितले, आणि केज पुढे जवळजवळ प्रत्येक मोठ्या मुलाखतीत ते वाक्य त्यांच्या नावासह सांगत राहिले. ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ ज्या रसविचारावर उभी आहे तो केज यांनी आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून घेतला होता. १९६४ मध्ये केज आणि ट्यूडर मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंघाबरोबर भारतात आले. १९६९ मध्ये, वुडस्टॉकला पियानोचे झाकण बंद करणाऱ्या याच ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर हे विजेवर ध्वनी निर्माण करणारे वाद्य बसवून दिले. त्यावर १९७२ पर्यंत गीता साराभाई आणि इतर भारतीय रचनाकारांनी जे काम केले, त्याची ध्वनिमुद्रणे २०२३ मध्ये प्रकाशित झाली आहेत आणि कोणालाही ऐकता येतात.