साठावा लाडू

जानेवारीचा पहिला आठवडा सरला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो. वेळ ठरलेली, रात्री साडेनऊनंतर, दुकानं मिटल्यावर. ‘संक्रांतीनिमित्त मुलांनी आपल्या बाईंसाठी आणि मित्रांसाठी हाताने बनवलेली भेट आणावी. खर्च करू नये.’ खाली पटापट अंगठे उमटतात आणि त्याच क्षणी सोलापूरभरच्या स्वयंपाकघरांत तिळाचा डबा खाली काढून हलवून बघितला जातो.

मी म्हणते, डबा परत वर ठेवा. वर्गात साठ मुलं धरली तर त्यातली पन्नास तिळगूळच आणणार. बाईंकडे दोन तुकड्या असतील तर शंभर. त्यात शेजारपाजार आला, हळदीकुंकू आलं, शाळेतल्या इतर बायका आल्या. साठावा लाडू हातात पडेपर्यंत बाईंनी बिचाऱ्यांनी इतकं गोड बोलून घेतलेलं असतं की पुढचे दोन महिने वर्गाला ते पुरवून वापरावं लागतं. उरलेले लाडू मावशींना द्यावेत, तर त्यांच्या घरचा डबाही भरलेलाच.

सबब, बाईंना गोड देऊ नका. शेंगाचटणी द्या. ती का आणि कशी, ते पुढे येतंच. पण मला माहीत आहे, घरात एक तरी माणूस असं असतं जे म्हणतं, “संक्रांतीला चटणी? लोक काय म्हणतील?” त्या माणसासाठी आधी तिळगुळाचा निकाल लावू.

तिळगूळ बिघडतो तो पाकात. पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, शंभर ग्रॅम भाजून भरडलेले दाणे, मूठभर डाळं, दोन चमचे तूप, अर्धा चमचा वेलचीपूड. एवढ्यात मध्यम आकाराचे पन्नासेक लाडू होतात. तीळ मंद आचेवर, तडतडायला लागून जरा फुगेपर्यंतच भाजायचे. तांबूस झाले की कडू झाले म्हणून समजा, आणि तो कडूपणा गुळाच्या बापालाही झाकता येत नाही. गूळ चिक्कीचाच हवा. साध्या गुळाचा पाक नीट धरत नाही, लाडू दुसऱ्या दिवशी बसकण मारतात.

पाक झाला का, हे बघायला वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकायचा. थेंब पसरला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा करता आला आणि मऊ राहिला तर गॅस बंद करा, तीळ ओता. ताटलीवर टाकल्यावर ठण्ण वाजला तर लाडवाचा नाद सोडा, ओट्याला तूप लावून मिश्रण लाटा आणि ती चिक्कीच करायची होती असं सगळ्यांना सांगा. मऊ आणि ठण्ण यांच्यात जेमतेम मिनिटभराचं अंतर असतं आणि नेमक्या त्याच मिनिटात दारावर कुरिअरवाला येतो.

वळताना हाताला पाणी लावायचं, कारण मिश्रण चटका देतं, आणि गार होऊ दिलं तर वळत नाही. कढईतच दगड झाला तर घाबरू नका, मंद आचेवर मिनिटभर ठेवलं की सैल पडतो. निरोपात ‘मुलांनी बनवलेली’ असं असलं तरी या टप्प्यावर मुलांना खोलीबाहेर काढायचं. त्यांच्या वाट्याला फार तर वेलची सोलणं.

पाकाची धास्ती असेल तर बिनपाकाचा करा. भाजलेले तीळ जाडसर कुटायचे, त्यात दाण्याचं कूट आणि किसलेला मऊ गूळ घालून परत कुटायचं, तुपाचा हात लावून वळायचं. दिसायला गरीब, पण दात शाबूत. बाईंना अजून वर्षभर शिकवायचंय, याचं भान पाकाच्या लाडवाला नसतं.

काटेरी हलव्याच्या वाटेला मात्र जाऊच नका. परातीखाली मंद निखारा, परातीत खसखस किंवा तीळ, त्यावर एक चमचा पाक, बोटांनी फिरवत सुकवायचं, मग पुढचा चमचा. असं तासन्‌तास, दोनतीन दिवस. पाक एकदम जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की आलेले काटे विरघळतात. काट्याला गार हवा लागते, आणि आपल्याकडे जानेवारीतसुद्धा दुपारी पारा तिशीला टेकतो. ज्या घरात बोरन्हाण आहे किंवा नव्या सुनेची पहिली संक्रांत आहे, तिथे दागिन्यांसाठी हा खटाटोप शोभतो. बाईंसाठी नाही.

आता शेंगाचटणी. सोलापूरच्या माणसाला ती कशी लागते हे सांगायची गरज नाही. भेट म्हणून तिचे गुण मात्र कुणी सांगत नाही. खर्च कमी, महिनाभर टिकते, पाक नाही, साचा नाही, आणि मुख्य म्हणजे साठ लाडवांच्या ढिगाऱ्यात ती एकटीच तिखट. घरी गेल्यावर बाई आधी तिचंच झाकण उघडणार.

पाव किलो दाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन ते तीन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, चवीला मीठ. दोन छोट्या बरण्या भरतात. दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर साल करपतं आणि आतला दाणा कच्चा राहतो, ती कच्ची चव लसणालाही झाकता येत नाही. सालं सगळी काढायची नाहीत, हाताने चोळून सुटतील तेवढी पाखडून टाकायची. आणि मग वाट बघायची. सगळा बिघाड या वाट न बघण्यातून होतो. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले की वाफ धरते, चटणीचा लगदा होतो. गरम चटणी बरणीत भरली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि चार दिवसांत बुरशी. दाणे पार गार होऊ द्या. तोवर लसूण, जिरं आणि मीठ खलबत्त्यात ठेचून घ्या. लसणाचा ओलसरपणा नको असेल तर पाकळ्या आधी कोरड्या तव्यावर जरा परतून घ्या, तेवढीच चटणी जास्त टिकते.

खरी शेंगाचटणी उखळात कुटलेली. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. मुसळाच्या दणक्याने ते सुटतं, चटणीला ओलसर चकाकी येते आणि मुठीत दाबली तर मुटका राहतो. मिक्सरचं पातं दाणा चिरतं, चेंगरत नाही. शिवाय तापतंही. मिक्सर सलग फिरवला की दोन मिनिटांत चटणीचं लोणी होतं, आणि ते बाहेरगावच्या दुकानात भारी किमतीला मिळत असलं तरी आपल्याकडे कुणी भाकरीला लावत नाही. म्हणून मिक्सर दोन-दोन सेकंद फिरवून थांबवायचा, झाकण काढून चमच्याने तळ वर करायचा, असं पाच-सहा वेळा. जाडसर भरड झाली की खलबत्त्यात घालून दहा मिनिटं कुटायची. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दुपारी एक ते चार या वेळेत कुटू नका. खालचे लोक भेट न घेताच गोड बोलायचं बंद करतात.

तिखटाचं प्रमाण बाईंच्या गावावर ठरवा. बाई अक्कलकोटच्या, मंगळवेढ्याच्या असतील तर तीन चमचे बेधडक. बदलीवर कोकणातून आल्या असतील तर दीड, आणि तिखट ब्याडगीचं, म्हणजे रंगाने तरी आपली लाज राहते.

सोबत कडक भाकरी दिली तर भेट पूर्ण. पण घरी करणार असाल तर पीठ ताजं दळून आणा. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापताना भाकरीच्या कडा फाटतात. उकळतं पाणी घालून मळा, नेहमीच्या निम्म्या जाडीची थापा, आणि भाजल्यावर मंद तव्यावर कापडाने दाबत दाबत पाणी पूर्ण उडेपर्यंत ठेवा. मध्ये जरा ओल राहिली तर तिथेच ती चिवट होते. इतकं करून ती दप्तरात मोडणारच आहे. अख्खी पोचवायचा हट्ट धरू नका, घरीच चतकोर मोडून डब्यात रचून द्या. पोराने मोडलेली आणि आपण मोडून दिलेली, यात इभ्रतीचा मोठा फरक आहे. वेळ नसेल तर भाकरी सरळ विकत घ्या. ‘हाताने बनवलेली’ एवढंच निरोपात आहे, कुणाच्या हाताने ते लिहिलेलं नाही.

घरात शेंगापोळी करणारं कुणी असेल तर तीही चालेल, पण ती गोड, म्हणजे परत लाडवांच्याच रांगेत. शिवाय सारणात गुळाचा खडा राहिला की पोळी तव्यावर फुटते आणि जळका गूळ पुढच्या चार पोळ्यांना काळे डाग देतो. सारण मिक्सरमधून काढायचं आणि कणकेइतकंच मऊ ठेवायचं, हा त्यावरचा इलाज.

बरणीचं प्रकरण चटणीहून अवघड. नवी बरणी घ्यायला गेलात तर आतल्या मालापेक्षा महाग पडते, म्हणून जॅमच्या, सॉसच्या बाटल्या वर्षभर साठवाव्यात. लेबल निघत नाही, हे मराठी संसारातलं जुनं दुखणं. गरम पाण्यात अर्धा तास बुडवून कागद सोलायचा, उरलेल्या चिकटावर गोडंतेल आणि खायचा सोडा समसमान कालवून दहा मिनिटं ठेवायचं, मग घासणीने पुसायचं. लोणच्याचा वास बाटलीत नसतो, झाकणाच्या आतल्या चकतीत असतो. बाटली सात वेळा धुऊन उपयोग नाही, झाकण बदला. धुतलेली बरणी उन्हात कडकडीत वाळवा. ऊन ही एकच वस्तू आपल्याला कधी कमी पडत नाही.

झाकणावर कापडाची टोपी घालायची फॅशन आहे, ठीक आहे. झाकणाच्या व्यासापेक्षा सगळीकडून पाच सेंटीमीटर जास्त असं गोल कापड कापा, रबर लावा, वर दोरी. सोलापुरी चादरीचा तुकडा इथे वापरायचा मोह कुणालाही होतो. होऊ देऊ नका. चादर जाड, दुमडत नाही, झाकणावर फेटा बांधल्यासारखी दिसते. टोपीला ब्लाऊजपीस बरा. चादरीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं पेनाचं पाऊच किंवा कपाखालचा चौकोन होतो, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी असल्याने अस्तर लावावं लागत नाही. फक्त आधी कापायचं आणि मग शिवायचं, हा क्रम उलटा करा. जाड सुताची वीण, कात्री लागली की कडेचे धागे सुटत जातात आणि बारा सेंटीमीटरचा चौकोन संध्याकाळपर्यंत दहाचा होतो. खडूने आखून, त्या रेषेच्या आत मशीनवर झिगझॅग टीप मारून, मगच कापा. सुई सोळा नंबरची घाला, बारीक सुई दुसऱ्या घडीलाच मोडते.

शुभेच्छापत्र मुलांनाच करू द्या. गोंद पातळ लावा, नाहीतर कागद पाणी पिऊन वाकतो. वाकलाच तर रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. चमकी मात्र घरात आणायची नाही. ती कार्डावर चार दिवस टिकते, आणि वरणात, भांगात आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टावर शिमग्यापर्यंत.

आणि मित्र? वर्गातल्या साठ जणांना बरण्या देणं म्हणजे खलबत्त्याला नोकरी लावणं. तिथे आपल्या कानडी शेजारणींची युक्ती उचला: एळ्ळु-बेल्ल. तीळ, शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं आणि गूळ, प्रत्येकी शंभर ग्रॅम, भाजायचं ते भाजून, कापायचं ते बारीक कापून, सगळं कोरडंच एकत्र. पाक नाही, वळणं नाही. खोबऱ्याचे आणि गुळाचे तुकडे मात्र दोन दिवस आधी कापून वाळवायचे, नाहीतर पुडीत गुळाला पाझर फुटतो आणि मुलांच्या हातात एकच मोठा खडा येतो. एका मुलाला दोन चमचे पुरे, म्हणजे साठ जणांना वरच्या मापाच्या तिप्पट धरा. पुड्या बटर पेपरच्या करा. वर्तमानपत्रात बांधू नका, शाई खाण्याला लागते. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू मैत्रिणीकडून सकिनालु, म्हणजे तीळ घातलेल्या तांदळाच्या चकल्या, आल्या तर मात्र त्या वाटायला काढू नका. त्या घरातच संपवायच्या असतात.

बरणीवर आणि पुडीवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा, ‘शेंगदाणे’ आणि ‘तीळ’ हे शब्द तर नक्की. काही मुलांना त्यांची ॲलर्जी असते आणि ती चाखून कळण्यात अर्थ नाही. खाली चटणी केल्याची तारीख.

राहता राहिली वेळ. भोगीच्या दिवशी काही करायचं ठरवू नका. त्या दिवशी सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, रस्ते बंद. रबर आणायला बाहेर पडलेला माणूस कुणातरी पाहुण्याला सापडतो आणि संध्याकाळी पोरं घेऊन होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेला दिसतो. घरात बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, शेगडी मोकळी नाही. दाणे भाजणं, बाटल्या धुणं, गूळ कापणं हे सगळं त्याच्या दोन दिवस आधी उरका. नाहीच जमलं तर निरोपाला उत्तर देऊ नका, नुसता अंगठा द्या आणि गप्प बसा. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, आणि तोवर बाईंच्या घरचे लाडू संपून जेवणात काहीतरी झणझणीत हवंसं वाटायला लागलेलं असतं.